ना. म. जोशी : कामगाराच्या घराचा हिशेब मांडणारा शिक्षक



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना घराजवळच्या रस्त्यांची नावं लिहून आणायला सांगतो. लोअर परळ, करी रोड, चिंचपोकळी या भागातली मुलं 'ना. म. जोशी मार्ग' हे नाव हमखास लिहून आणतात. त्यांचे आजी-आजोबा मात्र अजूनही त्याला डिलाईल रोडच म्हणतात. या नावाचं पोलीस ठाणं आहे, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बीडीडी चाळी आहेत. पण हे ना. म. जोशी होते तरी कोण, असं विचारलं तर मुलंच काय, मोठी माणसंही थोडी गोंधळतात.

म्हणून आजच्या लेखात नारायण मल्हार जोशी यांचं चरित्र बघूया. ते कामगार पुढारी होते हे पुस्तकात एका ओळीत येतं. त्याआधी ते आपल्यासारखेच शिक्षक होते, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि कामगाराला परवडेल असं घर कोणी बांधायचं, त्यासाठी पैसा कोणी द्यायचा, ते टिकवायचं कोणी, हा प्रश्न त्यांच्या साऱ्या आयुष्याला कसा चिकटून होता, तेही सहसा सांगितलं जात नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी आज हाच प्रश्न आहे. त्यामुळे हे चरित्र जरा त्या बाजूने वाचूया.

जन्म, शिक्षण आणि शिक्षकी पेशा

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगाव इथे झाला. मुंबईच्या उपनगरातलं गोरेगाव ते हे नव्हे, हे मुलांना मुद्दाम सांगा. हे गोरेगाव आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात आहे. शालेय शिक्षणासाठी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले आणि पुढे डेक्कन कॉलेजात शिकले. १९०१ साली ते पदवीधर झाले.

त्या काळात पदवीधराला सरकारी कचेरीत चांगली नोकरी मिळायची. जोशींनी मात्र सुमारे आठ वर्षं शाळांमधून शिकवलं. पुढे त्यांच्या कामाची जी पद्धत दिसते, तिची मुळं या शिक्षकी वर्षांतच असावीत असं वाटतं. आधी नीट माहिती गोळा करायची, मग ती समोरच्याला समजेल अशी मांडायची, आणि आवाज न चढवता पुन्हा पुन्हा सांगत राहायचं. चांगला शिक्षक वर्गात दुसरं काय करतो?

गिरगावातून गिरणगावात

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला होता. देशसेवेला पूर्ण वेळ देणारी माणसं तयार करणं हा त्याचा हेतू. १९०९ साली जोशी शाळा सोडून या समाजात दाखल झाले. समाजाचं मुंबईतलं कार्यालय गिरगावात, सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर होतं.

१९११ साली जोशींनी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था उभी केली. कार्यालय गिरगावात असलं तरी काम होतं गिरणगावात. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी इथल्या गिरण्यांमधून कोकण, घाटावरून आलेली माणसं राबत होती. लीगने त्यांच्यासाठी रात्रशाळा काढल्या, वाचनालयं सुरू केली, पुस्तकांच्या पेट्या वस्तीवस्तीत फिरवल्या, दवाखाने चालवले, सावकाराच्या व्याजातून सुटका व्हावी म्हणून सहकारी पतसंस्था काढल्या. परळचं दामोदर हॉल म्हणून जे ठिकाण नाट्यरसिकांना माहीत आहे, ते याच लीगचं. १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी पहिली बैठक घेतली तीही याच दामोदर हॉलमध्ये.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. लीगचा पहिला उद्देश होता लोकांच्या परिस्थितीची माहिती जमवणं आणि तिचा अभ्यास करणं. मदत त्यानंतर. म्हणजे कार्यकर्ता चाळीत जायचा तो आधी विचारायला. खोलीत किती जण राहता, भाडं किती, नळ किती घरांत एक, संडास किती.

एका खोलीत किती माणसं?

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८९६ साली शहरात प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांनी त्याला हातभार लावला. सरकार जागं झालं आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या आणि काही चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बीआयटी चाळी म्हणतो. परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. सार्वजनिक पैशाने बांधलेली, भाडं परवडणारी एक-दोन खोल्यांची जागा एका विद्यार्थ्याला काय देऊ शकते, याचं याहून मोठं उदाहरण मुलांना कुठलं द्यायचं?

पण अशी जागा फार थोड्यांना मिळाली. ट्रस्टने जितकी घरं पाडली त्या मानाने गरिबांसाठी बांधली कमी. उरलेले लोक खाजगी मालकांच्या चाळीत कोंबले गेले. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तेव्हा शंभरातली ९७ कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहताना आढळली. एकेका खोलीत सहा ते नऊ माणसं. त्यातच चूल, त्यातच बाळंतपण, त्यातच आजारी माणूस. कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायच्याही पाळ्या.

गृहपाठ का केला नाहीस, असं मुलाला विचारण्याआधी हे आकडे आपण एकदा आठवावेत.

सरकारी पैशाच्या चाळी

पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली, भाडी वाढली, गिरण्यांमध्ये मोठे संप झाले. तेव्हा गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. त्यांच्या काळात १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, सुरू झालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. पैसा कुठून आणायचा? सरकारने कर्ज काढलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. ज्या कापसावर गिरण्या चालतात, त्याच कापसाने गिरणी कामगाराच्या घराचा भार थोडा उचलावा, असा तो हिशेब. खोलीचं भाडं बांधकामाच्या खर्चापेक्षा कमी ठेवायचं आणि मधली तूट सार्वजनिक पैशातून भरायची. आजच्या भाषेत हे घरासाठीचं अनुदानच झालं.

५० हजारांपैकी सुमारे १६ हजार खोल्याच बांधून झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका मजल्यावर वीस. खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास आणि नळ सगळ्यांचे मिळून.

आणि गंमत बघा, जिथे माणसं एकेका खोलीत नऊ-नऊ राहत होती, तिथे या नव्या चाळींतल्या कितीतरी खोल्या सुरुवातीची वर्षं रिकाम्या पडल्या! वरळी तेव्हा आडबाजूला. बाजार नाही, दिव्यांची सोय धड नाही, गिरणी लांब. कमी केलेलं भाडंसुद्धा अनेकांना झेपेना. पुढे १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे डांबलं. कामगारासाठी बांधलेलं घर रिकामं राहतं आणि शेवटी तुरुंग होतं, यावरून एक गोष्ट समजते. भिंती बांधल्या की घर तयार झालं असं होत नाही. भाडं, पाणी, बाजार, कामावर जायची वाट, हे सगळं जुळलं तरच माणूस तिथे राहायला जातो. पुढे भाडी उतरली, वस्ती वाढली आणि या चाळी गच्च भरल्या, हेही खरं.

वॉशिंग्टन, दिल्ली आणि रॉयल कमिशन

आता पुन्हा जोशींकडे वळूया. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. तिथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. योगायोग म्हणजे त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि स्थानिक नगरपालिकांनी सामान्यांसाठी घरं बांधावीत म्हणून तिथलं सरकार पैसा देऊ लागलं. कामगाराच्या घराची जबाबदारी सरकारची, हा विचार तेव्हा जगभर रुजत होता.

पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजे आयटकची, स्थापना झाली. लाला लजपत राय पहिले अध्यक्ष होते. स्थापनेत जोशींचा मोठा वाटा होता आणि पुढे अनेक वर्षं ते सरचिटणीस राहिले.

१९२१ पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसू लागले. निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. तरी सरकारला नको असलेले प्रश्न त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ तिथे लावून धरले. कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण हवं असा ठराव त्यांनी १९२१ मध्येच आणला. कामावर जखमी झालेल्याला भरपाई देणारा कायदा १९२३ साली आला, कामगार संघटनांचा कायदा १९२६ साली आला. १९२४ साली त्यांनी बाळंत होणाऱ्या कामगार स्त्रियांना भत्ता मिळावा म्हणून विधेयक मांडलं. ते नामंजूर झालं. पण पाच वर्षांनी, १९२९ साली, मुंबई प्रांताने असाच कायदा केला. मागणी एकदा फेटाळली गेली म्हणजे ती संपली, असं जोशी समजत नसत.

त्यांच्यावर टीकाही झाली. १९२६ साली त्यांनी बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन काढली. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिने चाललेला संप झाला. त्यात लाल बावट्याचे कार्यकर्ते आणि जोशी संयुक्त संप समितीत एकत्र होते. पण जोशींचा मार्ग चर्चेचा, अर्जांचा, कायद्याचा. तरुण पुढाऱ्यांना तो फार मवाळ वाटायचा. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. फुटीचं एक मोठं कारण होतं रॉयल कमिशन. सरकारने नेमलेल्या या कमिशनवर बहिष्कार टाकावा असं बहुमताचं म्हणणं होतं, आणि जोशी तर त्याचे सदस्य होते.

जोशी कमिशनवर राहिले. जे. एच. व्हिटली अध्यक्ष असलेलं हे कमिशन देशभर फिरलं आणि १९३१ साली त्याचा अहवाल आला. त्यात मजुरी, कामाचे तास, आरोग्य यांच्या बरोबरीने कामगारांच्या घरांचाही सविस्तर विचार आहे. मुंबईतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांचं चित्र त्यात आलं. खोलीचं क्षेत्रफळ, उजेड, वारा यांचं किमान प्रमाण सरकारने ठरवावं, शहर सुधारणेच्या योजनेत कामगारांच्या घरांची तरतूद असलीच पाहिजे, कामगारांच्या घरांसाठी जमीन घेता यावी म्हणून कायदा बदलावा, सहकारी घरबांधणीला उत्तेजन द्यावं, अशा शिफारशी त्यात आहेत. त्यातली एक लवकर पदरात पडली. १९३३ साली भूसंपादनाचा कायदा दुरुस्त झाला आणि कामगारांच्या घरांसाठी जमीन घेण्याची वाट मोकळी झाली. बाकीच्या बऱ्याच शिफारशी कागदावर राहिल्या.

मग बहिष्कार टाकणारे बरोबर की जोशी? मुलांना हा प्रश्न जरूर विचारा, उत्तर मात्र देऊ नका. एक मात्र दिसतं. १९३८ नंतर फुटलेले गट पुन्हा जवळ आले आणि १९४० पासून जोशी पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले. मतभेद झालेल्या माणसांनीच त्यांना परत बोलावलं.

स्वातंत्र्यानंतर

१९४७ साली मुंबईत भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी गोठली. भाडेकरूला मोठा दिलासा मिळाला. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळाची वाट मोकळी झाली. आणि १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरबांधणी योजना सुरू केली. राज्य सरकारने बांधलेल्या घरांच्या मान्य खर्चापैकी अर्धी रक्कम अनुदान आणि अर्धी कर्ज, असं तिचं स्वरूप होतं. कामगाराचं घर हा सरकारी अंदाजपत्रकातला हक्काचा खर्च झाला. जोशी तेव्हा ७३ वर्षांचे होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे डिलाईल रोडला त्यांचं नाव मिळालं. ज्या रस्त्यावर बीडीडीच्या ३२ चाळी उभ्या होत्या, त्याच रस्त्याला.

अनुदान बांधायला, की टिकवायलाही?

आता जरा आपल्या शाळांचा विचार करूया. शाळेला इमारतीसाठी एकदा पैसे मिळाले आणि नंतर दुरुस्तीला, खडू-फळ्याला, विजेच्या बिलाला काहीच मिळालं नाही, तर ती शाळा किती वर्षं चालेल? अनुदानित आणि विनाअनुदानित यातला फरक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

चाळींचं तसंच झालं. भाडी गोठली, महागाई वाढत गेली. दहा-वीस रुपये भाड्यात मालक दुरुस्ती करीना. भाडेकरूकडे राहायचा हक्क, पण इमारत त्याची नाही. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या जुन्या इमारती खचू लागल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ साली राज्याने इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा केला. जुन्या इमारतींकडून उपकर, म्हणजे सेस, घ्यायचा, त्यात राज्य सरकारने आणि महापालिकेने आपली भर घालायची आणि त्या पैशातून मंडळाने इमारती दुरुस्त करायच्या. आपण 'सेसची बिल्डिंग' म्हणतो ती हीच. शहर भागातल्या एकोणीस हजारांहून जास्त इमारती या योजनेत आल्या. पैसा गरजेपेक्षा नेहमीच कमी पडला, कामं रखडली, हे सगळं खरं आहे. पण स्वस्त घर बांधण्याइतकंच ते टिकवण्यालाही सार्वजनिक पैसा लागतो, हे तत्त्व कायद्याने मान्य केलं. माझ्या मते जोशींच्या पिढीच्या कामाची ही पुढची पायरी होती.

बीडीडी चाळी सरकारच्याच. त्यांचा पुनर्विकास म्हाडाकडे आला, २०१७ साली भूमिपूजन झालं. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, तेही विनामूल्य. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. शंभर वर्षं ज्यांनी बोळातला संडास वापरला, त्यांच्या नातवंडांना स्वतःची खोली मिळते आहे. आनंद वाटणारच.

पण पालकहो, पुढचा हिशेबही आत्ताच मांडून ठेवा. टॉवरला लिफ्ट असते, पाण्याचा पंप असतो, आगीपासून बचावाची यंत्रणा असते, रखवालदार असतो. त्याचा दरमहा खर्च असतो. घर फुकट मिळालं तरी घरात राहणं फुकट नसतं. वरळीच्या खोल्या एकेकाळी भाडं झेपेना म्हणून रिकाम्या राहिल्या होत्या, हे विसरू नका. देखभालीचा खर्च झेपला नाही तर कुटुंब घर विकतं किंवा भाड्याने देतं आणि नालासोपारा, विरार, बदलापूरला जातं. मग आमच्याकडे काय येतं? शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज. जूनमध्ये भरलेला वर्ग दिवाळीनंतर विरळ होतो. मराठी शाळेची पटसंख्या कमी होण्याची कारणं आपण माध्यमात शोधतो, अभ्यासक्रमात शोधतो. घरभाड्यात आणि देखभालीच्या पावतीतही शोधायला हवीत.

जोशी आज असते तर त्यांनी काय केलं असतं ते सांगता येणार नाही. पण त्यांनी कामाला सुरुवात केली होती माहिती जमवण्यापासून. ते तर आपल्यालाही जमेल.

वर्गात घेता येतील अशा कृती

१. मुलांना घरातल्या मोठ्यांकडून विचारून यायला सांगा: आपलं कुटुंब या घरात कधी आलं, इमारत कधी बांधली, ती सेसची आहे का, दुरुस्ती कधी झाली आणि खर्च कोणी केला. ज्यांना सांगायचं नसेल त्यांना आग्रह करू नका.

२. वर्गाच्या फरशीवर खडूने १६० चौरस फुटांची खोली आखा. दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. त्यात नऊ मुलांना बसवा आणि चूल, पाणी, अंथरूण, दप्तर कुठे ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

३. मोठ्या वर्गासाठी गणित: एका चाळीत चार मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या. तर ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ चाळींत किती खोल्या? उत्तर २,५६०. प्रत्येक खोलीत सात माणसं धरली तर किती? १७,९२०. एका छोट्या गावापेक्षा जास्त!

४. पालकसभेत पाच मिनिटं या विषयाला द्या. पुनर्विकासाच्या करारात देखभालीचा खर्च कोण, किती वर्षं उचलणार हे लिहिलेलं आहे का, एवढंच प्रत्येकाने बघून यावं. संक्रमण शिबिरात जायचं असेल तर मुलाची शाळा वर्षाच्या मधे सुटू नये म्हणून शिक्षकांशी आधी बोलून ठेवावं.

लेख वर्गात वापरलात तर मुलांनी कोणती माहिती आणली ते जरूर कळवा.